एक सूचना, सहा हजार ईमेल: काहींना दोनदा आणि काहींना कधीच का नाही?

परीक्षेचं वेळापत्रक बदलतं, शिष्यवृत्तीची मुदत वाढते, सर्वसाधारण सभा पुढे जाते, आणि संस्था सगळ्यांना ईमेल धाडते. मग दोन दिवस फोन वाजत राहतात. एक म्हणतो, मला मेल आलाच नाही. दुसरी म्हणते, मला तोच मेल दोनदा आला. ऑफिसातले म्हणतात, आम्ही तर सगळ्यांना पाठवलाय. बहुतेक वेळा तिघंही खरंच बोलत असतात.

हा गोंधळ जुना आहे, पण अलीकडे तो जास्त महागात पडू लागलाय. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहूने मोठ्या संख्येने मेल पाठवणाऱ्यांसाठी नियम कडक केले. मे २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने आउटलुकसाठी तसेच नियम लागू केले. नोव्हेंबर २०२५ पासून जीमेलने अंमलबजावणी आणखी आवळली आणि नियमात न बसणारे मेल दारातूनच परत पाठवायला सुरुवात केली. आजवर कसाबसा पोचणारा मेल आता वाटेतच अडतो. म्हणून ही यंत्रणा आतून कशी चालते आणि कुठे तुटते, हे संगणक न शिकलेल्या माणसालाही ठाऊक असायला हवं. मेल चुकला तर परीक्षा त्याची बुडते, प्रोग्रॅम लिहिणाऱ्याची नाही.

## बटण दाबल्यावर काय घडतं

एखाद्या महाविद्यालयाचं उदाहरण धरू. विद्यार्थी ६,०००. संकेतस्थळावर कर्मचाऱ्यांसाठी एक पान आहे, त्यावर सूचना लिहायची चौकट आणि खाली ‘सर्वांना पाठवा’ हे बटण. बटण दाबलं की ब्राउझर सर्व्हरकडे विनंती पाठवतो आणि उत्तराची वाट पाहत बसतो.

सरळसोट लिहिलेला प्रोग्रॅम यादी उघडतो आणि पहिल्या नावापासून एकेकाला मेल पाठवत सुटतो. प्रत्येक मेलसाठी त्याला मेल सर्व्हरशी छोटासा संवाद करावा लागतो: पाठवणारा अमुक, घेणारा तमुक, हा मजकूर, मजकूर संपला. समोरून ‘२५०’ हा आकडा आला की मेल स्वीकारला गेला. या संवादाच्या नियमांना एसएमटीपी म्हणतात. जॉन पोस्टेल यांनी ऑगस्ट १९८२ मध्ये ते लिहून काढले आणि पुढच्या सुधारणांसह जग आजही त्यांच्यावरच चालतं.

एक संवाद अर्ध्या सेकंदात उरकतो असं धरलं, तरी ६,००० जणांना ३,००० सेकंद म्हणजे ५० मिनिटं लागतात. वेब सर्व्हर इतका वेळ थांबत नाही. एनजिन्क्स हा सर्रास वापरला जाणारा सर्व्हर वेगळी सूचना दिली नसेल तर मागच्या प्रोग्रॅमच्या उत्तराची ६० सेकंद वाट पाहतो आणि मग पडद्यावर चूक दाखवून मोकळा होतो. तोवर सव्वाशेच्या आसपास मेल गेलेले असतात.

खरी गोम पुढे आहे. पडद्यावर चूक दिसली तरी मागचा प्रोग्रॅम बऱ्याचदा चालूच राहतो. कर्मचाऱ्याला वाटतं, काहीच गेलं नाही. तो पुन्हा बटण दाबतो. आता एकाच यादीवर दोन प्रोग्रॅम मागेपुढे चालू आहेत. आणि समजा, २,३१४ व्या नावापुढचा पत्ता चुकीचा भरलेला आहे, मध्येच एक मोकळी जागा पडली आहे. दोन्ही प्रोग्रॅम तिथे अडखळून बंद पडतात. पहिल्या २,३१३ जणांना मेल दोनदा मिळाला आणि शेवटच्या ३,६८६ जणांना एकदाही नाही. कुणीही आळस केलेला नाही, कुणीही खोटं बोललेलं नाही.

## काम मागे सोपवायचं

यावरचा पहिला उपाय असा, की बटण दाबल्यावर मेल पाठवायचेच नाहीत. फक्त ‘ही सूचना पाठवायची आहे’ अशी नोंद करायची आणि कर्मचाऱ्याला लगेच ‘नोंद झाली, पाठवणं सुरू होतंय’ असं उत्तर द्यायचं. अशा मागे सोपवलेल्या कामाला बॅकग्राउंड जॉब म्हणतात. ही कामं एका रांगेत उभी राहतात. वेब सर्व्हरपासून स्वतंत्र चालणारा प्रोग्रॅम रांगेतलं एकेक काम उचलतो आणि पार पाडतो, तो वर्कर. ब्राउझर बंद झाला, कर्मचारी घरी गेला, तरी वर्करचं काम चालू राहतं.

यात नवलाईचं काही उरलेलं नाही. रुबी ऑन रेल्स (थोडक्यात रेल्स) या संकेतस्थळं बांधायच्या साधनसंचात २०१४ च्या अखेरीस, ४.२ आवृत्तीत, यासाठी अ‍ॅक्टिव्ह जॉब आलं. पायथन भाषेत लिहिणारे सेलरी वापरतात, पीएचपी भाषेत लाराव्हेल या साधनसंचाबरोबर रांगेची सोय मिळतेच. त्यामुळे ‘आमच्याकडे असं करता येत नाही’ हे उत्तर कुणी देत असेल तर ते मान्य करू नये.

इथे एक बारीक खाच आहे. सूचना डेटाबेसमध्ये, म्हणजे नोंदी साठवणाऱ्या यंत्रणेत, पक्की होण्याआधीच काम रांगेत गेलं, तर चपळ वर्कर ते लगेच उचलतो, सूचना शोधतो आणि त्याला ती सापडतच नाही. काम वाया जातं. म्हणून आधी नोंद पक्की करायची आणि मगच काम रांगेत टाकायचं. रेल्स आणि लाराव्हेल दोन्हींत त्याची सोय आहे, पण ती चालू आहे की नाही हे बघावं लागतं.

## एकच मोठं काम, की सहा हजार छोटी?

पुष्कळ जण इथवर येऊन थांबतात. जुनाच प्रोग्रॅम उचलून मागे ठेवतात आणि सुटलो म्हणतात. ६० सेकंदांची अडचण तेवढी मिटते. २,३१४ व्या नावावर अडखळणं तसंच राहतं. उलट ते आता कुणाला दिसतही नाही. शिवाय बहुतेक रांगा फसलेलं काम आपणहून पुन्हा सुरू करतात. पहिल्या नावापासून. म्हणजे आधीच्या २,३१३ जणांना तिसऱ्यांदा, चौथ्यांदा मेल.

लग्नाच्या पत्रिका वाटताना घरातली जाणती माणसं काय करतात ते आठवा. एका वहीत सगळी नावं लिहितात आणि पत्रिका दिली की त्या नावापुढे खूण करतात. कुणाचं दार बंद होतं, कुणी घर सोडून गेलं, तेही तिथेच लिहितात. दादा दमला तर वहिनी वही घेऊन पुढची घरं करते. कुठवर आलो हे दादाला विचारावं लागत नाही, कारण ते वहीत असतं.

समूह-ईमेलचं सगळं मर्म या वहीत आहे. डेटाबेसमध्ये प्रत्येक विद्यार्थ्यासाठी एक वेगळी ओळ हवी: कोणती सूचना, कोणाला, अवस्था काय, किती वेळा प्रयत्न झाला, शेवटी काय उत्तर मिळालं. आणि प्रत्येक ओळीसाठी एक स्वतंत्र छोटं काम. एक पत्ता चुकीचा निघाला तर तेवढंच काम फसतं, बाकीच्या ५,९९९ जणांना त्याची झळ लागत नाही. सूचना आणि विद्यार्थी ही जोडी दोनदा नोंदवता येणार नाही असं बंधन डेटाबेसमध्येच घालायचं. मग त्याच सूचनेचं बटण कुणी दहा वेळा दाबलं तरी ओळी ६,०००च राहतात.

दोन वर्करनी एकच ओळ उचलू नये म्हणून ओळ उचलतानाच तिच्यावर ताबा सांगावा लागतो. डेटाबेस हे काम चोख करतात. पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेसमध्ये तर ९.५ या आवृत्तीपासून, म्हणजे जानेवारी २०१६ पासून, दुसऱ्याने धरलेली ओळ ओलांडून पुढची मोकळी ओळ घेण्याची सोय आहे. रांगेसाठी वेगळं सॉफ्टवेअर न बसवता नुसत्या डेटाबेसवर रांग चालवणाऱ्यांचं बरंचसं भागतं ते त्यामुळेच.

मोठ्या कामाचा आणखी एक शत्रू म्हणजे प्रोग्रॅमची नवी आवृत्ती चढवणं. त्या वेळी जुने वर्कर बंद केले जातात आणि हातातलं काम संपवायला त्यांना थोडाच अवधी मिळतो. नवी आवृत्ती चढवणाऱ्या ‘कमाल’ नावाच्या रेल्सच्या साधनात तो, वेगळी सूचना दिली नसेल तर, ३० सेकंदांचा असतो. ५० मिनिटांचं काम त्यात कसं बसणार? २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये आलेल्या रेल्स ८.१ मध्ये लांबलचक काम जिथे थांबलं तिथून पुढे सुरू करण्याची सोय मुद्दाम घातली, तिचं कारण हेच. अर्ध्या सेकंदाच्या छोट्या कामाला हा धोका जवळजवळ उरत नाही.

या टप्प्यावर एक गोष्ट हमखास विसरली जाते. सूचनेचा मजकूर आणि विषय पाठवण्याच्या क्षणी गोठवून ठेवायला हवेत. नाहीतर मेल जात असताना कुणीतरी ‘सकाळी १०’ चं ‘सकाळी ११’ करतं, आणि अर्ध्या वर्गाकडे एक वेळ, अर्ध्याकडे दुसरी. दुरुस्ती करायची तर ती दुसरी सूचना म्हणूनच जायला हवी, सर्वांना.

## वही आहे, तरीही मेल दोनदा का येऊ शकतो?

कारण पत्रिका देणं आणि वहीत खूण करणं या दोन वेगळ्या क्रिया आहेत. पत्रिका देऊन परतताना वाटेतच वही हरवली तर? मेलमध्ये हेच घडतं. मेल सर्व्हरने मेल स्वीकारला, पण ‘२५०’ हे उत्तर आपल्यापर्यंत येण्याआधी जोडणी तुटली. मेल गेला की नाही? आपल्या बाजूने कळायला मार्गच नाही.

फेब्रुवारी १९८८ मध्ये क्रेग पार्ट्रिज यांनी आरएफसी १०४७ या टिपणात (इंटरनेटचे नियम आणि चर्चा ज्यांत मांडतात त्या टिपणांना आरएफसी म्हणतात) नेमकी हीच गोष्ट मांडली. मजकूर संपल्याचं कळल्यावर घेणारा सर्व्हर उत्तर द्यायला फार वेळ लावतो, पाठवणारा कंटाळून जोडणी तोडतो आणि मेल पुन्हा पाठवतो; घेणाऱ्याकडे दोन प्रती जमा होतात. म्हणूनच एसएमटीपीच्या आजच्या नियमांत पाठवणाऱ्याने या उत्तरासाठी १० मिनिटं थांबावं असं सांगितलंय. घाईघाईने ५ सेकंदांची मर्यादा घालणारे प्रोग्रॅम दुहेरी मेलला आपणच आमंत्रण देतात.

ही फट पूर्ण बुजवता येत नाही. निवड मात्र करता येते. पाठवण्याआधी खूण केली तर कधीतरी एखाद्याला मेल मिळणारच नाही. पाठवल्यावर खूण केली तर कधीतरी एखाद्याला दोनदा मिळेल. परीक्षेच्या सूचनेसाठी मी दुसरा मार्ग निःशंकपणे निवडेन. दोनदा आलेला मेल त्रासाचा असतो, न आलेला वर्ष वाया घालवू शकतो. ‘प्रत्येकाला बरोब्बर एकदाच’ याची हमी कुणी देत असेल, तर उत्तर येण्याआधी जोडणी तुटली तर तुमचा प्रोग्रॅम काय करतो, एवढं विचारा.

## पुन्हा प्रयत्न कुठवर?

मेल सर्व्हर नकारही दोन प्रकारे देतो. ४ ने सुरू होणारा आकडा म्हणजे आत्ता जमत नाही, नंतर या: सर्व्हरवर ताण आहे, तुम्ही फार भरभर पाठवताय. ५ ने सुरू होणारा म्हणजे कायमचा नकार. ‘असा पत्ताच नाही’ यासाठी ५५० येतो. पहिल्यात पुन्हा प्रयत्न करायलाच हवा. दुसऱ्यात तोच तोच प्रयत्न करणं निरर्थक आहे आणि पाठवणाऱ्याची पतही घालवतं. दोन्हींना एकाच मापाने मोजणारे प्रोग्रॅम फार आढळतात.

प्रत्येक फसलेल्या प्रयत्नानंतर थांबण्याचा वेळ वाढवत न्यायचा, आणि त्यात थोडा यादृच्छिक फरक ठेवायचा, म्हणजे अडलेले हजार मेल एकाच क्षणी पुन्हा दारावर धडकत नाहीत. साइडकिक हे रांग चालवणारं, रेल्सवाल्यांचं लाडकं साधन वेगळी सूचना दिली नसेल तर २५ वेळा प्रयत्न करतं, तेही सुमारे तीन आठवड्यांत. मासिक वार्तापत्रासाठी ते चालेल. ‘उद्याचा पेपर रद्द’ हा मेल तीन आठवड्यांनी पोचला तर तो न पोचण्याहून वाईट. म्हणून प्रत्येक सूचनेला ‘या वेळेनंतर पाठवू नये’ अशी मुदत हवी. मुदत संपली की काम थांबायला हवं आणि वहीत ‘मुदतीत जमलं नाही’ असं ठळक दिसायला हवं.

## ओटीपीची वाट अडवू नका

६,००० छोटी कामं झाली म्हणजे दहा वर्कर लावून पाच मिनिटांत उरकू, असा मोह होतो. पण पाठवण्यालाही मर्यादा आहेत. साध्या जीमेल खात्यातून दिवसाला ५०० च्या आसपास, गूगल वर्कस्पेसच्या, म्हणजे संस्थांसाठीच्या पैसे भरून घेतलेल्या, खात्यातून २,०००. म्हणजे एका वर्कस्पेस खात्यावर आपल्या ६,००० मेलना तीन दिवस लागतील. अ‍ॅमेझॉनची एसईएस ही मेल पाठवणारी सेवा नव्या ग्राहकाला सुरुवातीला दिवसाला २०० आणि सेकंदाला एकच मेल देते, तेही आधी पडताळलेल्या पत्त्यांनाच. पुढची परवानगी अर्ज करून मिळवावी लागते. ही मर्यादा प्रोग्रॅमला ठाऊक असायला हवी आणि वर्करचा वेग तिच्या आत ठेवायला हवा.

आणि रांगा दोन हव्यात. त्याच संकेतस्थळावर कुणीतरी पासवर्ड बदलतंय, त्याला ओटीपी हवाय. रांग एकच असेल तर त्याचा मेल ६,००० मेलच्या मागे उभा राहतो आणि ओटीपीची १० मिनिटं रांगेतच संपतात. ‘ओटीपी येतच नाही’ या तक्रारीमागे कधी कधी हेच असतं, आणि इलाज सोपा आहे: तातडीच्या मेलसाठी वेगळी रांग, तिच्यासाठी राखीव वर्कर.

## ‘पाठवला’ म्हणजे ‘पोचला’ का?

‘२५०’ चा अर्थ इतकाच, की पुढच्या सर्व्हरने मेल ताब्यात घेतला. त्यानंतर तो स्पॅममध्ये जाऊ शकतो किंवा काही वेळाने परत येऊ शकतो. परत आलेल्या मेलला बाउन्स म्हणतात. ऑफिसचं ‘आम्ही पाठवला’ आणि विद्यार्थ्याचं ‘मला आला नाही’ ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी ठरतात ती इथे.

जीमेलचे नियम आता इथे लागू होतात. पाठवणाऱ्याने आपल्या डोमेनच्या (पत्त्यातल्या @ नंतरच्या नावाच्या) नावे तीन गोष्टी जाहीर करायच्या: आमच्या वतीने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात (एसपीएफ), आमच्या मेलवरची डिजिटल सही कशी पडताळायची (डीकेआयएम), आणि पडताळणी फसली तर त्या मेलचं काय करायचं (डीमार्क). दिवसाला ५,००० किंवा त्याहून जास्त मेल जीमेल पत्त्यांवर पाठवणाऱ्याला तिन्ही सक्तीच्या आहेत. एकदा ही संख्या गाठली की ‘मोठ्या संख्येने पाठवणारा’ हा शिक्का कायमचा. एका डोमेनखालचे सगळे मेल एकत्र मोजले जातात, त्यामुळे परीक्षा विभाग आणि ग्रंथालय वेगवेगळे पाठवत असले तरी हिशेब एकच.

मेलला ‘स्पॅम’ म्हणणाऱ्यांचं प्रमाण ०.१ टक्क्याखाली ठेवावं, ०.३ टक्क्याला कधीच पोचू देऊ नये, असं गूगल सांगतं. ६,००० मध्ये ०.३ टक्के म्हणजे १८ जण. एकच सूचना चारदा मिळाल्यावर १८ विद्यार्थी वैतागून ते बटण दाबणार नाहीत? म्हणूनच दुहेरी मेल टाळणं हा आता केवळ शिष्टाचार राहिलेला नाही. पुढच्या वेळी खरोखर महत्त्वाची सूचना स्पॅममध्ये जाते, तीही सगळ्यांची.

जाहिरातवजा मेलमध्ये एका क्लिकवर यादीतून बाहेर पडण्याची सोय द्यावी लागते आणि ती विनंती दोन दिवसांत पाळावी लागते. परीक्षेच्या सूचनेला हा नियम लागत नाही, पण माजी विद्यार्थ्यांना पाठवलेल्या देणगीच्या आवाहनाला लागतो. वर्करने मेल पाठवण्याच्या अगदी आधी ‘ही व्यक्ती अजून यादीत आहे ना’ हे तपासायला हवं. सकाळी तयार केलेली यादी दुपारी शिळी झालेली असू शकते.

## ‘सगळ्यांना बीसीसीमध्ये टाकलं तर?’

हा उपाय नेहमी सुचवला जातो. बीसीसीतले पत्ते घेणाऱ्यांना एकमेकांचे दिसत नाहीत, सीसीतले दिसतात. एका मेलवर किती पत्ते चालतील याला सीमा असते. एसएमटीपीचे नियम सर्व्हरला किमान १०० पत्ते स्वीकारायला सांगतात, त्यापुढे ज्याची त्याची मर्जी. ही अडचण फार जुनी आहे. १९७८ मध्ये डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या गॅरी थर्क यांनी अर्पानेट या इंटरनेटच्या पूर्वसुरी जाळ्यावरच्या सुमारे ४०० जणांना संगणकाच्या विक्रीचा मेल पाठवला, तेव्हा पत्ते त्यांच्या जागेत मावले नाहीत आणि उरलेले खाली मजकुरात सांडले. तो पहिला स्पॅम मानला जातो.

बीसीसीत नावानिशी मजकूर लिहिता येत नाही आणि कुणाचा मेल पोचला याची ओळवार नोंद राहत नाही. शिवाय घाईत बीसीसीऐवजी सीसी निवडलं, की सगळ्यांचे पत्ते सगळ्यांच्या हाती. ५० जणांच्या गटालाही मी हे सुचवणार नाही.

## ‘बाहेरच्या सेवेला पैसे दिले की झालं ना?’

मेल पाठवणाऱ्या सेवा जरूर घ्याव्यात. स्वतःचा मेल सर्व्हर सांभाळणं बहुतेक संस्थांना झेपणारं नाही. पण ती सेवा दाराबाहेरचा रस्ता सांभाळते, वही आपलीच असते. कुणाला पाठवायचं, कुणाला आधीच पाठवलंय, मुदत काय, हे तिला ठाऊक नसतं. शिवाय त्यांचेही नियम असतात: एसईएसवर बाउन्सचं प्रमाण ५ टक्क्यांच्या आत अपेक्षित आहे, १० टक्क्यांवर गेलं तर पाठवणं थांबवलं जाऊ शकतं. तीन वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यांचे बंद पडलेले ३०० पत्ते यादीत राहून गेले की ५ टक्के भरलेच. बाउन्सची खबर सेवा आपल्याला देते. ती ऐकून त्या पत्त्यावर पुढचे मेल थांबवणारा प्रोग्रॅम आपल्यालाच लिहावा लागतो.

## ‘आमची संस्था लहान आहे, एवढं कशाला?’

लहान संस्थेला यातलं सगळं लागणार नाही. ३०० सभासद असतील तर एक वर्कर पुरतो, वेगाची चिंता नाही, खास साधनंही नकोत. पण प्रत्येक नावाची वेगळी नोंद, ४ आणि ५ मधला फरक, आणि कर्मचाऱ्याला दिसणारं एक साधं पान, एवढं ३०० जणांसाठीही हवं. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला त्यासाठी फार तर काही दिवस जास्त लागतील.

त्या पानाबद्दल मी आग्रही आहे. ‘सर्वांना पाठवले’ या एका वाक्याऐवजी तिथे समजा असं दिसलं: ५,८७१ स्वीकारले गेले, ३५ पुन्हा प्रयत्नाच्या प्रतीक्षेत, ९४ परत आले, आणि खाली त्या ९४ जणांची नावं आणि फोन नंबर. मग परीक्षा विभागातली दोन माणसं दुपारच्या आत त्या ९४ जणांना फोन करू शकतात.